पॅनिंग : धावत्या वस्तूबरोबर वळण्याचे तंत्र

स्थिर छायाचित्रात गती दाखवण्याचे जे मोजके मार्ग आहेत, त्यांपैकी पॅनिंग हा समजायला सर्वांत सोपा आणि अंगवळणी पडायला सर्वांत चिवट मार्ग आहे. धावणारी वस्तू ज्या दिशेने जात असेल त्या दिशेने, तिच्याच चालीने कॅमेरा वळवत राहायचे आणि तो वळत असतानाच शटर उघडून मिटू द्यायचे, एवढाच या तंत्राचा गाभा आहे. शटर म्हणजे कॅमेऱ्याच्या आत प्रकाशाची वाट अडवून धरणारा पडदा. कळ दाबली की तो ठरावीक काळापुरता बाजूला होतो आणि त्या काळाला शटरचा वेग असे म्हटले जाते. हा काळ १/५०० सेकंदाइतका अल्प असेल, तर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी रिक्षा तेवढ्यात जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर पुढे सरकते, त्यामुळे छायाचित्रात ती रस्त्याच्या मधोमध उभी करून ठेवल्यासारखी दिसते. हाच काळ १/३० सेकंद केला आणि कॅमेरा जागचा हलवला नाही, तर रिक्षा त्या अवधीत सुमारे २८ सेंटिमीटर सरकते आणि दुकाने, पाट्या, विजेचे खांब स्वच्छ उमटून रिक्षेचा मात्र पुसट पट्टा उरतो. पॅनिंगमध्ये १/३० सेकंदाचा तोच काळ कायम ठेवून कॅमेरा रिक्षेबरोबर वळवला जातो, आणि मग नाते उलटे होते: रिक्षा, तिचा चालक, मागच्या बाकावरचे प्रवासी रेखीव राहतात आणि जे जे जागेवर उभे आहे ते आडव्या फराट्यांमध्ये विरघळते.

हे तंत्र मोटारशर्यतींच्या धावपट्टीवर किंवा अभयारण्यात वापरायचे असते, असा एक समज छायाचित्रणाच्या पुस्तकांतील उदाहरणांमुळे रूढ झालेला आहे. वास्तविक त्याची सर्वाधिक गरज पडते ती दाट वस्तीच्या गावांत, आणि ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हा सलग पट्टा त्याचे उत्तम उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा देण्यात आला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्प क्रमांक एक ते पाच हे पत्ते तेथे आजही चालतात. तात्पुरत्या निवाऱ्यासाठी आखलेल्या त्या जागेत पुढे बाजारपेठा, कारखाने आणि इमारती एकमेकांना खेटून उभ्या राहिल्या, त्यामुळे रस्त्यावरून जाणारी कोणतीही वस्तू छायाचित्रात घेतली की तिच्यामागे पाट्या, तारा, जाहिरातफलक, उभी केलेली वाहने आणि माणसांची ये-जा यांची भिंतच येते. चित्राचा विषय या भिंतीतून सुटा काढायचा कसा, हा या पट्ट्यातील प्रत्येक शिकाऊ छायाचित्रकारापुढचा पहिला प्रश्न असतो.

विषय सुटा काढण्याची प्रचलित युक्ती म्हणजे लेन्सचे छिद्र मोठे ठेवणे. छिद्र म्हणजे लेन्सच्या आतील प्रकाशाची खिडकी, जी लहानमोठी करता येते. ती मोठी ठेवली की फोकस केलेल्या अंतरापुढचे आणि मागचे सारे धूसर होते. मात्र ही युक्ती अंतरावर अवलंबून असते. पार्श्वभूमी विषयापासून बरीच लांब असेल तर ती लोण्यासारखी मऊ होते, पण रिक्षेच्या मागे दोन-तीन मीटरवरच दुकानाची पाटी असेल, तर तिच्यावरील अक्षरे थोडी ओघळतात आणि वाचता मात्र येतातच. पॅनिंगचे असे नाही. कॅमेरा एका जागी उभा राहून वळतो तेव्हा जवळच्या आणि दूरच्या सर्व स्थिर वस्तू दृष्टीसमोरून सारख्याच कोनातून सरकतात, त्यामुळे रिक्षेला लागून असलेली पाटी आणि तिच्या मागची चार मजली इमारत या दोहोंचे फराटे सारख्याच लांबीचे होतात. विषय आणि पार्श्वभूमी यांच्यात अंतर असो वा नसो, गतीच्या फरकाने त्यांना वेगळे करता येते. दाटी हलवता येत नाही अशा ठिकाणी या गुणाचे मोल फार मोठे आहे, आणि त्यासाठी महागडी, मोठ्या छिद्राची लेन्सही लागत नाही.

पॅनिंग शिकताना बहुतेकांचे लक्ष शटरच्या आकड्यावर खिळलेले असते, परंतु त्याआधी समजून घ्यायची राशी म्हणजे कोनीय वेग, म्हणजेच छायाचित्रकाराच्या जागेवरून पाहता वस्तू एका सेकंदात किती अंशांनी सरकते हे मान. ताशी ३० किलोमीटरने जाणारी रिक्षा १० मीटर अंतरावरून समोरून जात असेल, तर तिच्यावर नजर धरून ठेवण्यासाठी कॅमेरा सेकंदाला सुमारे ४८ अंश वळवावा लागतो. त्याउलट ताशी ८० किलोमीटरने धावणारी लोकल १०० मीटरवरून पाहिली, तर सेकंदाला १३ अंशांहून कमी वळणे पुरते. म्हणजे लोकल रिक्षेच्या अडीच पटींहून वेगवान असली, तरी कॅमेऱ्याच्या दृष्टीने ती रिक्षेच्या जवळजवळ पावपट चालीने जाते. सहा मीटरवरून ताशी १५ किलोमीटरने जाणारा सायकलस्वार सेकंदाला ४० अंशांची मागणी करतो. तो रिक्षेच्या निम्म्या वेगाने जात असला तरी हाताला जवळपास तितकेच काम देतो. मनाला आधी वेगवान वाटणारी वस्तू अवघड आणि सावकाश जाणारी वस्तू सोपी, हा अंदाज त्यामुळे वारंवार चुकतो.

फराट्यांची लांबीही याच हिशेबातून निघते. ५० मिलिमीटर नाभीय अंतराची लेन्स (हे अंतर जितके जास्त, तितका लेन्सच्या टप्प्यात येणारा दृश्याचा तुकडा लहान) ३५ मिलिमीटर फिल्मच्या आकाराच्या संवेदकावर आडवे सुमारे ४० अंशांचे दृश्य टिपते. रिक्षेच्या वरील उदाहरणात १/३० सेकंदात कॅमेरा १.६ अंश वळतो, म्हणजे पार्श्वभूमी चौकटीच्या रुंदीच्या सुमारे पंचविसाव्या भागाइतकी ताणली जाते, आणि एवढा ताण पाट्यांवरील अक्षरे पुसून टाकायला पुरेसा असतो. लोकलसाठी २०० मिलिमीटरची लेन्स वापरली, जिच्यात अवघे १० अंशांचे दृश्य मावते, तर त्याच १/३० सेकंदात फराट्यांची लांबी जवळजवळ तेवढीच भरते. आकडा एकच राहिला, कारण जागा आणि लेन्स बदलली. यावरून अमुक वाहनाला अमुक शटर अशी पाठ केलेली कोष्टके किती तोकडी असतात हे कळते. रिक्षा, दुचाकी आणि सायकल यांच्यासाठी १/३० ते १/६० सेकंद हा आरंभबिंदू म्हणून ठीक आहे, मात्र त्यापुढचा निर्णय छायाचित्रकार किती अंतरावर उभा आहे यावरच अवलंबून राहतो.

सरळ रस्त्याने सारख्याच वेगाने येणाऱ्या वाहनाचा कोनीय वेग मात्र सारखा नसतो, आणि नवशिक्याची बहुतेक चित्रे येथेच फसतात. वाहन दूर असताना, म्हणजे समोरच्या लंबरेषेपासून ६० अंश बाजूला असताना, त्याचा कोनीय वेग कमाल वेगाच्या फक्त एक चतुर्थांश असतो. ४५ अंशांवर तो निम्मा होतो आणि अगदी समोर, काटकोनात आल्यावर पूर्ण होतो. पाहणाऱ्याला वाहन आधी रेंगाळल्यासारखे आणि मग एकाएकी झपकन निघून गेल्यासारखे वाटते ते यामुळेच. त्या काटकोनाच्या क्षणी दोन गोष्टी एकदम जुळून येतात: कोनीय वेग वाढून कमालीला पोहोचलेला असतो व अजून उतरू लागलेला नसतो, म्हणून क्षणभर तो स्थिर असतो, आणि वाहनाचे छायाचित्रकारापासूनचे अंतरही कमी होऊन थांबलेले व वाढू लागण्यापूर्वीचे असते, म्हणून फोकस आणि आकार दोन्ही टिकतात. शटर त्याच क्षणाच्या आसपास उघडावे, हा नियम पुस्तकांत केवळ सूचना म्हणून दिलेला असतो, पण त्यामागे भूमितीचा असा ठोस आधार आहे.

याच भूमितीमुळे लांबलचक वाहनाच्या बाबतीत आणखी एक अडचण उभी राहते. बस अगदी जवळून, रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सने घेतली, तर तिचा मधला भाग रेखीव येतो आणि पुढचे-मागचे टोक पुसट होते, कारण त्या क्षणी दोन्ही टोके काटकोनापासून दूर असतात आणि त्यांचा कोनीय वेग मधल्या भागाशी जुळत नाही. तीच बस रस्त्यापासून दूर जाऊन लांब पल्ल्याच्या लेन्सने टिपली, तर ती टोकापासून टोकापर्यंत स्वच्छ मिळू शकते. अर्थात मधलीच एक खिडकी लख्ख आणि बाकीची बस वाहून चाललेली, हा परिणाम हवा असेल तर जवळ जाणेच योग्य, आणि तो परिणाम अनेकदा अधिक बोलका असतो.

कॅमेरा वळवायचा म्हणजे हात वळवायचे, असा अर्थ घेतला की चित्रात खालीवर थरथर उतरते. शटर जेथे उघडायचे त्या जागेकडे पावले रोखून, खांद्याच्या रुंदीइतके अंतर ठेवून उभे राहावे, कोपरे बरगड्यांशी टेकवावीत आणि कमरेवरचे शरीर वाहन येत असलेल्या बाजूला पिळून घ्यावे. मग वाहनाबरोबर शरीर उलगडत आणावे, म्हणजे काटकोनाच्या क्षणी ते अगदी सैल आणि सरळ स्थितीत असते. जात्यावर दळणाऱ्या बाईचा ओढा जसा मनगटातून न येता खांदा आणि कंबर यांतून येतो आणि म्हणून खुंट्याला हिसका बसत नाही, तशीच ही फिरकी कमरेतून यावी लागते. कळ हळूच दाबावी, आणि चित्र मिळाले असे वाटले तरी वळणे थांबवू नये, कारण थांबण्याचा विचार मनात आला की स्नायू कळ दाबण्याच्या आधीच आखडू लागतात. वाहनाच्या एखाद्या ठळक बिंदूवर, उदाहरणार्थ रिक्षेच्या पुढच्या काचेच्या कडेवर किंवा सायकलस्वाराच्या डोळ्यावर, चौकटीतील एकच खूण धरून ठेवली, तर वेग जुळतो आहे की नाही हे त्या दोन बिंदूंमधील अंतरावरून तत्काळ कळते.

फोकसचे दोन मार्ग आहेत. रस्त्यावरील एखाद्या खुणेवर, समजा काँक्रीटच्या सांध्यावर, आधीच फोकस करून तो तेथे अडकवून ठेवावा आणि वाहन त्या खुणेवर आले की कळ दाबावी, हा जुना आणि अजूनही भरवशाचा मार्ग आहे. वाहनाचा मागोवा घेत राहणारा सतत फोकस हा दुसरा. लेन्समध्ये कंपनरोधक यंत्रणा असेल, तर ती केवळ उभी थरथर शोषणाऱ्या पर्यायावर ठेवावी, अन्यथा ती कॅमेऱ्याच्या मुद्दाम केलेल्या आडव्या वळणालाही विरोध करू लागते. आणि रस्ता निवडताना खड्डे व गतिरोधक टाळावेत, कारण वाहन ज्या क्षणी उसळते तेव्हाची खालीवर गती कोणत्याही सरावाने गाठता येत नाही.

सराव मोजण्याचे एक प्रामाणिक माप या तंत्रातच दडलेले आहे. वळण्याचा वेग वाहनाच्या कोनीय वेगापेक्षा पाच टक्क्यांनी कमी पडला, तर वाहनावर उमटणारा पुसटपणा हा पार्श्वभूमीच्या फराट्याच्या पाच टक्के इतका असतो, मग शटर १/६० असो वा १/१५. शटर मंद केल्याने फराटे लांबतात, पण वाहनावरील दोषही त्याच पटीने मोठा होतो. दोहोंचे गुणोत्तर फक्त शरीराच्या शिस्तीने सुधारते. म्हणून १/१२५ पासून आरंभ करून तेथे बहुतेक चित्रे रेखीव येऊ लागली की १/६०, मग १/३० असे उतरत जाणे हितावह आहे. समाजमाध्यमांवरील नेत्रदीपक चित्रे पाहून पहिल्याच दिवशी १/८ लावणाऱ्यांच्या पदरी केवळ रंगांची राळ पडते, आणि त्यात आपले नेमके काय चुकले हे शोधण्याची सोयही उरत नाही. अनुभवी हातांचीही बरीच चित्रे वाया जातात, ही गोष्ट या तंत्राचा स्वभाव म्हणून स्वीकारावी लागते.

वेग न जुळलेल्या चित्रालाही इतिहासात मानाचे स्थान मिळालेले आहे. फ्रान्सच्या जाक आंरी लार्तिग या १८९४ साली जन्मलेल्या छायाचित्रकाराने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, विशीच्या आसपास असताना, एका मोटारशर्यतीत टिपलेली ६ क्रमांकाची गाडी चौकटीच्या कडेतून अर्धी बाहेर पडत असलेली दिसते. तिचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे, तर रस्त्याकडेचे प्रेक्षक आणि खांब मागच्या बाजूला कलले आहेत. त्या कॅमेऱ्याच्या शटरमधली आडवी फट चौकटीवरून उभी सरकत असे, त्यामुळे चित्राचा प्रत्येक भाग किंचित वेगळ्या क्षणी नोंदला जाई. कॅमेरा वळत होता म्हणून प्रेक्षक एकीकडे झुकले आणि गाडी कॅमेऱ्याहून वेगाने गेली म्हणून चाक दुसरीकडे. दोन्ही कलांवरून छायाचित्रकाराचा हात गाडीच्या किती मागे पडला हे वाचता येते. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६३ साली लार्तिग यांचे प्रदर्शन भरवल्यावर त्यांच्या कामाला जगभर प्रसिद्धी मिळाली. आजच्या मोबाइलमधील आणि अनेक कॅमेऱ्यांमधील इलेक्ट्रॉनिक शटरही संवेदकाच्या ओळी एकामागून एक वाचते, त्यामुळे झपाट्याने वळताना विजेचे खांब तसेच तिरपे होतात. ज्यांच्या कॅमेऱ्यात यांत्रिक शटर आहे त्यांनी पॅनिंगसाठी तेच निवडणे श्रेयस्कर.

प्रकाशाचा प्रश्न या प्रदेशात ऋतूंशी बांधलेला आहे. निरभ्र उन्हात आयएसओ १०० या संवेदनशीलतेला, म्हणजे संवेदक प्रकाशाला किती तत्पर प्रतिसाद देतो त्या मापाला, एफ १६ इतके लहान छिद्र ठेवूनही शटर साधारण १/१०० सेकंदाचे लागते, हा फिल्मच्या काळापासून चालत आलेला ठोकताळा आहे. १/२५ पर्यंत उतरायचे, तर छिद्र एफ ३२ करावे लागेल, जे बहुतेक लेन्समध्ये नसते, आणि असले तरी इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश विखुरतो व चित्र मऊ पडते. अशा वेळी प्रकाशाचा चौथा हिस्साच आत सोडणारी राखाडी काच, जिला एनडी फिल्टर म्हणतात, ती लेन्सवर चढवणे हा खरा उपाय. मोबाइलची अडचण याहून मोठी असते, कारण त्याचे छिद्र बदलता येत नाही आणि ते एफ १.८ च्या आसपास मोठे असते. भर उन्हात तेथे १/४००० सेकंदासारखी शटरे लागतात, ज्यात पॅनिंग अशक्य आहे. सूर्य मावळल्यावर मात्र तोच मोबाइल प्रो मोडमध्ये, शटर हाताने १/३० ला बांधून, समाधानकारक चित्रे देतो. रात्रीचा स्वयंचलित मोड येथे वापरू नये, कारण तो अनेक चित्रे एकत्र शिवतो आणि फराट्यांची सलगता मोडतो.

जून ते सप्टेंबर हे महिने म्हणून पॅनिंगचे सर्वोत्तम विद्यालय आहेत. ढगांनी झाकलेल्या आकाशाखाली भरदुपारीही मंद शटर फिल्टरविना लावता येते, सावल्या बोचत नाहीत, ओल्या रस्त्यात पाट्यांचे रंग दुपटीने उमटतात आणि बदलापूरपुढे भातखाचरांचा हिरवा रंग एकजिनसी मखमली पट्टा होऊन मागे पसरतो. उल्हासनगरच्या बाजारपेठांतली पार्श्वभूमी याच्या अगदी विरुद्ध: लाल, पिवळ्या, निळ्या पाट्या एकमेकींना लागून असल्यामुळे तेथे फराटे रंगीत दोऱ्यांसारखे वेगवेगळे राहतात. कोरी भिंत किंवा रिकामे आकाश मागे असेल तर वळूनही गती दिसत नाही, कारण ताणायला तेथे काहीच नसते. उजेड-अंधाराचा फेरपालट असलेली पार्श्वभूमीच या तंत्राला हवी असते. ज्या गजबजाटाला छायाचित्रकार एरवी टाळतात, तोच येथे कच्चा माल ठरतो. मुंबईहून कॅमेरा घेऊन अंबरनाथला येणारे हौशी लोक शके ९८२ मधील, म्हणजे इसवी सन १०६० च्या शिवमंदिराचे शिल्प टिपून परत जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु स्टेशनाबाहेरच्या रस्त्यावरही तितकेच पाहण्याजोगे काही घडत असते, हे त्यांच्या लक्षात यावे असे वाटते. संध्याकाळनंतर त्या रस्त्यावर आणखी एक चमत्कार दिसतो: आपल्याकडील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, त्यामुळे साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, आणि कॅमेरा वळवताना त्यांच्या सलग रेषेऐवजी ठिपक्यांची माळ उमटते.

रेल्वेचा विषय या तिन्ही गावांत टाळून चालणार नाही, कारण कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंतचा लोहमार्ग १८५६ साली सुरू झाल्यापासून या पट्ट्याचे दैनंदिन जीवन त्याच्याच भोवती फिरत आलेले आहे. येथे सूर्याची दिशा ठरवताना मात्र स्थानिक नावांनी फसगत होते. ठाण्याकडून कल्याणपर्यंत येताना मार्गाच्या उजव्या हाताच्या बाजूला पूर्व म्हणण्याची जी रीत आहे तीच पुढेही चालू राहिली, पण कल्याणनंतर कर्जतचा मार्ग आग्नेयेकडे वळतो, त्यामुळे अंबरनाथ आणि बदलापूर येथे ज्या बाजूला पूर्व म्हटले जाते ती होकायंत्रावर नैर्ऋत्येला आणि जिला पश्चिम म्हणतात ती ईशान्येला असते. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून गाडी टिपायची असेल तर पश्चिमेला उभे राहावे लागते आणि दुपार कलल्यावर पूर्वेला. सकाळी मुंबईकडे आणि संध्याकाळी पुण्याकडे धावणारी, १ जून १९३० पासून सेवेत असलेली डेक्कन क्वीन याच मार्गाने जाते. थांबणाऱ्या लोकलपेक्षा न थांबता जाणारी अशी गाडी सरावाला चांगली, कारण तिचा वेग चौकटीत असताना बदलत नाही.

यासाठी रुळांजवळ जाण्याची काहीही गरज नसते. वरचा हिशेब दाखवतो की १०० मीटर दूर, रुळांना समांतर असलेल्या सार्वजनिक रस्त्यावर किंवा शेताच्या बांधावर उभे राहिल्यास पॅनिंग उलट सोपे होते. रुळांवर वा रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा १९८९ च्या रेल्वे अधिनियमातील कलम १४७ नुसार गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून वळणाऱ्या माणसाला दुसऱ्या रुळावरून येणारी गाडी दिसत नाही. अंबरनाथच्या आयुध निर्माणीच्या परिसरात कॅमेरा बाहेर काढू नये, कारण संरक्षण खात्याच्या आस्थापनांचे छायाचित्रण निषिद्ध आहे. आणि पॅनिंग चेहरा उठावदार करते, हे लक्षात ठेवून कोणाही प्रवाशाचे, विशेषतः स्त्रियांचे आणि मुलांचे, ओळखू येणारे चित्र त्यांच्या संमतीविना प्रसिद्ध न करण्याचे पथ्य पाळले पाहिजे. शेअर रिक्षाच्या रांगेतील चालकांना आधी सांगून ठेवले, तर हा प्रश्न सहज सुटतो.

वाहनांवर हात बसला की सजीवांकडे वळता येते, आणि तेथे वेगळीच समस्या समोर येते: शरीर एका चालीने पुढे जाते, पण अवयव स्वतंत्र गतीने हलत राहतात. उल्हास नदीच्या काठाने सायंकाळी रातथाऱ्याकडे परतणारे गायबगळे या सरावाला फार अनुकूल आहेत, कारण ते बरेचदा पाण्यालगत, एका उंचीवरून आणि सरळ रेषेत उडतात. १/६० सेकंदाला डोके आणि मान स्वच्छ मिळून पंखांचा पांढरा पंखा होतो. घार याहून सोपी वाटते, पण ती मोकळ्या आकाशात असेल तर मागे काहीच ताणले जात नाही. डोंगराची किंवा झाडांची रेघ तिच्यामागे येईल अशी जागा शोधावी लागते.

ठाणे-रायगडच्या गावांमधील बैलगाडा शर्यत ही या मार्गावरील सर्वांत कठीण परीक्षा म्हणता येईल. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये या शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना सशर्त मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा संबंधित कायदा वैध ठरवला. तेव्हापासून परवानगी घेऊन भरणाऱ्या शर्यतींत कॅमेरेही मोठ्या संख्येने दिसू लागले आहेत. धावत्या बैलाचे अंग प्रत्येक झेपेला वर उसळते आणि खाली येते, जोडीतील दोन्ही बैलांची लय एक नसते, आणि गाडीवान त्यांच्या मागे तिसऱ्याच तालात हेलकावत असतो, त्यामुळे १/३० सेकंदात या तिघांपैकी एकही पुरता रेखीव मिळण्याची शक्यता कमी असते. ऑस्ट्रियात जन्मलेल्या अर्न्स्ट हास यांनी १९५७ साली लाइफ साप्ताहिकात प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील बैलझुंजींच्या रंगीत चित्रांत ही अडचण वेगळ्याच रीतीने सोडवली: त्यांनी रेखीवपणाचा आग्रहच सोडून दिला आणि बैल व माणूस दोघांनाही रंगांत वाहू दिले. तो मार्ग मोहक असला, तरी शिकणाऱ्याने तो शेवटी घ्यावा, कारण वेग जुळवता येऊनही न जुळवणे आणि जुळवताच न येणे यांतला फरक चित्रात उघड दिसतो. शर्यतीत १/१२५ ला आरंभ करून, झेपेच्या माथ्यावर, जेव्हा बैलाचे अंग वर जाणे थांबून खाली येऊ लागलेले नसते, त्या क्षणी कळ दाबली तर उभी गती क्षणभर नाहीशी होते आणि केवळ आडवी गती शिल्लक राहते, जिचा माग काढण्याची सवय रिक्षेने आधीच लावलेली असते. तेथेही खूण एकच धरायची, आणि ती जवळच्या बैलाच्या डोळ्यावर. डोळा स्वच्छ आला तर खूर, धूळ, कासरा आणि गर्दी कितीही विरघळली तरी चित्र टिकते, आणि डोळा गेला तर बाकी सारे रेखीव असूनही ते बाजूला ठेवावे लागते.